नळी नंबर एकतीस

५ फेब्रुवारी

व्यायाम घेणाऱ्या शिट्टीबाईने पेशंटना वाटायला वह्या छापून आणल्या, त्यातली एक उरली ती मी घेतली. प्रत्येक पानावर रकाने आहेत: तारीख, किती मिनिटं, दम किती लागला. मी रकाने न बघता आडवं लिहिते आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी डायरी धरली म्हणून लोक हसतील, तेव्हा कुणाला सांगणार नाही. आईंना तर नाहीच. आई म्हणजे माझ्या सासूबाई. हे अपघातात गेले त्याला सहा वर्षं झाली. घरात आता आम्ही दोघीच, आणि बोलण्यात दोघीही एकमेकींना हार न जाणाऱ्या.

आजपासून आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा अभ्यास सुरू झाला. त्यांचं म्हणणं असं की ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच आपल्याला आतून थोडा थोडा गंजवतही असतो. धडधाकट शरीर हा गंज रोजच्या रोज पुसून काढतं. मूत्रपिंडं थकली की पुसणारे हात कमी पडतात आणि गंज साचत जातो. अशा माणसांनी आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवली तर ते हात पुन्हा कामाला लागतात का, हे बघायचंय. चोवीस पेशंट आहेत. वरच्या मजल्यावर जागच्या जागी फिरणाऱ्या पाच सायकली लावल्यात, आणि व्यायाम घ्यायला शिट्टीबाई. गळ्यात शिट्टी घालून फिरते, वाजवताना मात्र कुणी पाहिलेली नाही.

तुलनेला बारा निरोगी माणसं हवी होती. ती आम्हीच: कारकून, नर्सेस, लिफ्टवाला, मी. फॉर्मवर ‘काही आजार आहे का’ यापुढे ‘नाही’ लिहिलं, दंड पुढे केला, झालं. आमची रक्तंही पेशंटच्या रक्तांबरोबर दर सहा आठवड्यांनी घेणार. नावं काढून शिट्टीबाई नळ्यांना नंबर लावते आणि यादी डॉक्टरांच्या कपाटात बंद होते. कुठली नळी कुणाची हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. मोजणारी मी.

७ फेब्रुवारी

छत्तीस नळ्या मोजून झाल्या. रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी काढायचं, त्यात औषध घालायचं आणि तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचं. मग रंग चढतो. जितका गंज, तितका गुलाबी. इतकी वर्षं करते आहे तरी त्या रंगाची मला मौज वाटते. तान्ह्या बाळाच्या तळपायासारखा असतो. माणसाच्या आत काहीतरी बिघडलंय, हे सांगायला इतका गोड रंग कशाला हवा होता कोण जाणे.

पेशंट कुठले ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. फिकट आम्ही, गडद ते.

माझी खोली तळघरात आहे. खिडकी एकच, छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरची पावलं तेवढी दिसतात. दिवसभर मान खाली घालून नळ्या बघितल्या की डोकं ठणकतं. दोन गोळ्या घेतल्या, नेहमीच्या.

२१ मार्च

दुसरी फेरी. व्यायाम लागू पडतोय! गडद नळ्या जवळजवळ सगळ्याच उतरल्यात. काही थोड्या, काही चांगल्याच. वर सायकलींचा आवाज येत होता आणि मला एकटीला हसू येत होतं.

फक्त एकतीस. ही गेल्या वेळी गडदातच होती, पण मधली. आज सगळ्यांत गडद. मी पुन्हा मोजली. पुन्हा तेच. दुपारी नवीन औषध घालून तिसऱ्यांदा मोजली. तेच.

कोणीतरी व्यायामाला दांडी मारतंय. रागच आला. बाकीची माणसं जीव तोडून पाय मारतायत आणि हा शहाणा घरी लोळत पडतो!

२२ मार्च

डॉक्टर खाली येऊन आकडे बघून गेले. एकतीसचा रकाना मी अजून भरला नव्हता. म्हटलं, उद्या देते. डॉक्टर खुशीत होते. जाताना म्हणाले, “पुढच्या वर्षी यंत्र येतंय बाई. हाताने मोजायचे दिवस संपले. तुमचे हे आकडे मात्र मी शेवटपर्यंत दाखवत फिरणार, इतके स्वच्छ आहेत.”

ते गेल्यावर बराच वेळ वही उघडी ठेवून बसले. सगळे आकडे एका दिशेने जातात आणि एकच उलटा, असं दिसलं की बोट मोजणाऱ्याकडेच वळतं. बाईंची नजर गेली, हात थरथरतो, यंत्र लवकर आणा.

नमुना खराब झाला असेल तर तसं लिहून सोडून देता येतो. रक्त फुटलेलं असलं की पाणी तांबूस दिसतं, तेव्हा तसं करतात. एकतीसचं पाणी स्वच्छ होतं.

मी ‘नमुना खराब’ लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

२ एप्रिल

चहाला चव नाही. नाही कशी, आहे, पण चहाची नाही. नाणं चाटावं तशी. आईंना म्हटलं, भांडं बदला. आई म्हणाल्या, “भांडं तेच, चहा तोच, करणारी तीच. जीभ बदलून आण.”

८ एप्रिल

आज मंगळवार. मंगळवारी वर कुणी नसतं. तरी सकाळी अकराच्या सुमाराला सायकल सुरू झाली. घुंई-थप, घुंई-थप, एका लयीत. जो कोणी चालवत होता तो घाईत होता. मला वाटलं, दांडी मारणाऱ्याला उपरती झाली. भरपाई करायला आलाय. एकतीस कोण ते आता कळणार म्हणून जिने चढून वर गेले. मधल्या वळणावर थांबून कठड्याला धरावं लागलं.

खोलीला कुलूप. शिट्टीबाईकडून किल्ली आणली. आत पाचही सायकली ओळीने उभ्या, पडदे लावलेले. एकही हलत नव्हती.

आवाज मात्र चालूच होता.

मी एकेका सायकलच्या सीटवर हात ठेवून पाहिला. गार. शिट्टीबाई दारात उभी होती. “ताई, काय शोधताय?”

“ऐकू येतंय का तुला?”

तिने मान तिरकी करून ऐकलं. मनापासून ऐकलं. मग म्हणाली, “काय?”

१० एप्रिल

तो आवाज घरी आला. सकाळी उठायच्या आधी डाव्या कुशीवर होते, कान उशीत. तेव्हा अगदी जवळ आला. उठून बसले तर लांब गेला. माझी पाठ सोडायची नाही असं एकतीस नंबरने ठरवलेलं दिसतंय. मी त्याचं तोंड बंद केलं ना.

हे लिहून वाचलं. असं लिहिणाऱ्या बाईला मी स्वतः डॉक्टरकडे पाठवलं असतं.

१३ एप्रिल

रविवार. आईंचं काहीतरी बिनसलंय. सकाळी बघते तर सासऱ्यांचे दोन जुने शर्ट कपाटातून काढून खुंटीला अडकवलेले. सासरे मी या घरात येण्याच्या आधीच वारले. मी त्यांना फोटोतच पाहिलंय.

“हे कशाला काढलेत?”

“हवा लागू दे. ते येतात हल्ली.”

“कोण ते?”

“ते. दुसरं कोण येणार माझ्याकडे?”

मी हसायला गेले, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. खूश दिसत होत्या. इतक्या वर्षांत मी आईंना असं खूश पाहिलेलं नाही.

“वास येतो,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या वर्षी त्यांच्या श्वासाला यायचा तो. ओल्या चुन्यासारखा, जरासा मोरीसारखा. घाणच म्हणायचा. पण एकोणतीस वर्षांनी आला तर मला काय कमी गोड लागेल?”

“कधी येतो?”

“तू कामावरून आलीस की. तुझ्या मागोमाग आत शिरतात.”

मी दारापासून मोरीपर्यंत हुंगत फिरले. मला काही म्हणता काही आलं नाही. सासरे कशाने गेले ते, हे होते तेव्हा, यांनी एकदा सांगितलं होतं: मूत्रपिंडं. आई माझ्याकडून अभ्यासाच्या गोष्टी ऐकतात, त्यावरून डोक्यात भरलं असणार. वय झालंय. आता त्यांना जपायला हवं.

१८ एप्रिल

एकतीस कोण ते शोधायचं ठरवलं. यादी मिळणार नाही, पण डोळे आहेत. थर्मामीटर तपासायच्या निमित्ताने व्यायामाच्या वेळी वर गेले. माझा संशय पेशंटांतल्या ड्रायव्हरकाकांवर होता. रंग राखेसारखा आणि तोंड सतत हसरं. असली माणसं काहीतरी लपवतात.

“काका, पूर्ण वेळ चालवता ना रोज?”

“पस्तीस वर्षं बस चालवली बाई. तिला निदान स्टॉप तरी होते. ही बया जागची हलत नाही आणि घाम काढते.”

“खरं सांगा. एखादा दिवस चुकवत असाल.”

हसू उतरलं. पाय थांबले. “माझा आकडा वाईट आलाय का?”

“छे हो. कुणाचा कुठला ते मला कळतच नाही.”

“मग असं काय बघताय? निघाला आता हा, असं?”

तेवढ्यात शिट्टीबाई त्यांची वही उघडून माझ्यासमोर धरली. एकही खाडा नाही. काकांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “राग मानू नका, पण तुमचाच चेहरा सुजलाय. डोळ्यांखाली बघा. झोप लागत नाही का?”

“दिवसभर मान खाली घालून बसलं की होतं तसं,” मी म्हटलं.

जिना उतरताना काकांची मनातल्या मनात माफी मागितली. तुम्ही नसाल काका. आणि असाल तर मला क्षमा करा.

२५ एप्रिल

आज जे झालं ते लिहू की नको. नळ्या कपाटात ठेवत होते. कपाटाच्या काचेत, माझ्या खांद्याशी, एक बाई दिसली. थोराड, सुजरा चेहरा, डोळे बारीक झालेले. पेशंटपैकी कोणीतरी चुकून खाली आली असं वाटून मी वाट द्यायला बाजूला झाले. तीही झाली.

मग कळलं.

कळल्यावरही मी मागे वळून पाहिलंच.

बूट होईनासे झालेत म्हणून चपला घालून जाते. आई म्हणतात, झोपेत सारखी पाय मारतेस, पांघरूण जमिनीवर असतं. अंगाला खाज सुटते. औषधांचे वाफारे लागत असतील. डोकेदुखीवर आता दोन गोळ्या पुरत नाहीत.

३ मे

तिसरी फेरी. बुधवारी रक्तं घेतली, माझंही. आज मोजली.

एकतीस नुसती गुलाबी नाही राहिली. जांभळाकडे झुकलीय. इतक्या वर्षांत असा रंग पाहिला नव्हता. उकळत्या पाण्यातून काढून पाऊण तास झाला होता, बाकीच्या नळ्या गार पडल्या होत्या, ही हातात कोमट लागत होती. कितीतरी वेळ मी ती मुठीत धरून उभी होते, त्याचीच ऊब असेल.

हा माणूस दांडी मारत नाहीये. तो मरतोय. आठवड्यातून तीनदा माझ्या डोक्यावर सायकल चालवतो किंवा चालवू शकत नाही, जिना उतरून घरी जातो, घरच्यांना सांगतो की अभ्यास छान चाललाय. त्याला वाटतं, खाली कुणीतरी आपल्याकडे लक्ष ठेवून आहे. आणि ते कुणीतरी म्हणजे मी. मार्चमध्ये त्याने हाक मारली होती. मी सुंदर अक्षरात ‘नमुना खराब’ लिहिलं.

खोलीत आज दिवसभर कोणीतरी होतं. मी घाबरले नाही. म्हटलं, बस.

९ मे

डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा आत माणसं होती. दुसऱ्यांदा नव्हती.

आई घरी शर्टांशी बोलतात. मी आत शिरले की गप्प होतात आणि माझ्या पाठीमागे बघून गोड हसतात. आज मी विचारलं, “आई, ते दिसतात कसे?” तर म्हणाल्या, “दिसत नाहीत गं. पण तुझ्या अगदी जवळ उभे असतात.”

१४ मे

सांगितलं.

डॉक्टर चहा पीत होते. मी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं: मार्चचा नमुना खराब नव्हता, मी खोटं लिहिलं, तीनदा मोजून एकच आकडा येत होता, आणि आता तो आकडा हा असा आहे. कागद टेबलावर ठेवला. “काय शिक्षा द्यायची ती नंतर द्या. आधी यादी काढा. त्या माणसाला आज, आत्ता बोलवायला हवं.”

डॉक्टरांनी कपाट उघडलं, पाकीट फोडलं, यादीवरून बोट खाली नेत गेले. बोट थांबलं. मग त्यांनी यादीकडे बघणं सोडून माझ्या पायांकडे बघितलं.

“चपला का घातल्यात?”

“बूट घट्ट होतात. कोण आहे?”

“डोकं दुखतं का हल्ली?”

“माझं राहू द्या हो. कोण आहे एकतीस? ड्रायव्हरकाका?”

“बसा आधी,” ते म्हणाले आणि स्वतः उठून रक्तदाब मोजायचा पट्टा घेऊन आले. मी दंड मागे ओढला. मला खरंच संताप आला. माणूस तिकडे मरतोय आणि यांना माझं डोकं सुचतंय! डॉक्टरांनी पट्टा तसाच टेबलावर ठेवला आणि यादी फिरवून माझ्यासमोर सरकवली.

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. ओळखीचं नाव असतं आणि कुणाचं ते आठवत नाही, तसं काहीसं झालं. मग डॉक्टरांच्या मागच्या खिडकीत कोणीतरी हललं असं वाटलं आणि मी खुर्चीत बसले.

१६ मे

दोन दिवस इथेच ठेवून घेतलंय. घरी सांगितलं की मोजणीचं काम वाढलंय. खोटं बोलायला मी चांगलीच शिकले.

दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलीत. काम शंभरातलं तेरा उरलंय. रक्तदाब इतका वर गेला होता की नर्सने यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. किती वर्षं? रोज किती? मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मध्येच लिहिणं थांबवून म्हणाले, “त्या गोळ्यांनीच पोखरलंय. निदान बरंचसं.”

मग म्हणाले, “निरोगी म्हणून घेतलेल्यांना आम्ही नुसतं विचारलं, तपासलं नाही. ही माझी चूक आहे, तीही मी लिहिणार आहे.” भला माणूस. पण मला दुसरंच विचारायचं होतं.

“मार्चमध्ये कळलं असतं तर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. “या आठ आठवड्यांत किती गेलं, ते मोजायला माझ्याकडे काही नाही,” ते म्हणाले.

दोन महिने ज्याची माफी मागत होते तो माणूसच नव्हता. आता कुणाची मागू?

१७ मे

घरी आले. वाटेत ठरवलं होतं की थोडं थोडं सांगेन. आईंनी दार उघडलं, माझ्या मागे बघितलं आणि तोंडभर हसल्या. मग थोडं थोडं सांगणं जमलं नाही.

सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, हे आईंच्या बाबतीत कधी झालेलं नाही. मला वाटलं कळलं नसेल. म्हणून म्हटलं, “आई, तो वास माझा होता. माझ्या श्वासाचा.”

“म्हणजे ते नव्हतेच,” आई म्हणाल्या.

उठल्या. खुंटीवरचे शर्ट काढले, पलंगावर पसरून घडी घातली. एक घडी जमेना म्हणून मोडून पुन्हा घातली. कपाट बंद केलं. मी तिथेच उभी. सुनेचं काही का होईना, यांना मेलेल्या नवऱ्याचंच पडलंय, असा विचार आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “वाक जरा. श्वास सोड.”

मी सोडला. त्यांनी डोळे मिटले.

“हाच,” म्हणाल्या.

माझी हनुवटी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. सोडेनात. “पुन्हा सोड,” म्हणाल्या. मी पुन्हा सोडला. किती वेळ असं चाललं कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं घट्ट होत होती. त्यांनी नक्की कुणाला धरलंय ते मला विचारवेना.

१० जून

गोळ्या बंद, दाबाची औषधं सुरू, खाण्यापिण्याचं सगळं मोजूनमापून. आई जेवणात मीठ घालतच नाहीत आणि बिनमिठाचं स्वतःही जेवतात, वर मला ऐकवतात: “तुझ्यापायी माझी जीभ मेली.” तेराचे सतरा झालेत. डॉक्टर म्हणतात, इथेच थांबलं तरी खूप. यंत्रावर रक्त धुवायची वेळ जितकी लांबेल तितकी लांबवायची.

मी खोटी नोंद केल्याचं लेखी दिलं. मोजणीचं काम काढून घेतलं. आता पहिल्या मजल्यावर कागदपत्रं लावते, अर्धा दिवस. तळघरात नवीन बाई आली आहे. एकतीस नंबर अभ्यासातूनच काढला. निरोगी म्हणून धरता येत नाही आणि पेशंट म्हणून घेतलेलाच नव्हता.

आई रोज सकाळी मला श्वास सोडायला लावतात. आज हुंगून म्हणाल्या, “कमी झाला.” मला आनंद झाला. मग वाटलं, त्या ज्या सुरात म्हणाल्या तो आनंदाचा होता का?

८ जुलै

मंगळवार. सकाळभर कान देऊन बसले. वरून आवाज नाही. घरीही, दाब उतरल्यापासून, पंधरा-वीस दिवसांत आलेला नाही. शिट्टीबाईने सायकलींना तेल घातलं असणार. विचारायला हवं.

२३ जुलै

डॉक्टरांनी परवानगी दिली. आज पहिल्यांदा सायकलवर बसले. ड्रायव्हरकाकांनी स्वतः उतरून माझी सीट खाली करून दिली. “बाई, पहिल्या दिवशी समोर बघायचं, खाली नाही. खाली पाय दिसले की दमायला होतं.” शिट्टीबाई घड्याळ धरून शेजारी उभी. सहा मिनिटं. तीन झाल्यावर पोटऱ्या पेटल्या, पाच झाल्यावर कानांत गरम झालं. सहाव्या मिनिटाला काका म्हणाले, “आला स्टॉप,” आणि सगळे हसले. मीही.

रक्त घेतलं. नवीन नंबर मिळाला, मला सांगितला नाही. कुणी मोजेल आणि काय येईल, ते शेवटी कळेल. इतकी वर्षं मला सगळ्यांचे आकडे ठाऊक होते आणि चेहरा एकाचाही नाही. आता चेहरे पाठ झालेत.

आई बरोबर आल्या होत्या. नको म्हटलं तरी आल्या. बाहेरच्या व्हरांड्यात तिघांचा एक बाक आहे. मी भिंत धरत धरत बाहेर आले तर त्या बाकावर मधोमध बसलेल्या, ताठ. डाव्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ टेकायला आले तर त्यांनी हात आडवा धरला. “जागा आहे कुणाचीतरी,” म्हणाल्या. गृहस्थ पुढे गेले.

मला वाटलं माझ्यासाठीच धरली. मी सरळ तिथे टेकायला गेले.

“तिथे नको,” आई म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात. “इकडे बस.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. वळसा घालून उजवीकडे जाऊन बसले. त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, आणि ऊन व्हरांड्यातून उतरून जाईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.